गाडीचा काटा ४२, सायकलचा मीटर ३७, फोन ५१. खरा वेग कोणता धरायचा?

सड्यावरची (रत्नागिरी)

नमस्कार. मी शिक्षिका आहे. सकाळची शाळा सुरू झाल्यापासून दुपार मोकळी मिळते, तेव्हा भाट्ये पुलावरून पावसच्या बाजूला सायकल काढते. २६ इंची चाकं, १.९५ चे टायर, हँडलवर वायरचा साधा मीटर. पावसाळ्यानंतर २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची फार इच्छा आहे.

परवा गोळपच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) धाकटे दीर गाडीने मागून आले. रस्ता रिकामा होता, म्हणून माझ्या उजवीकडे गाडी धरून थोडा वेळ बरोबर चालले आणि काच खाली करून ओरडले, "वहिनी, बेचाळीस!" मी मीटर पाहिला तर ३७. घरी येऊन फोनमधलं ॲप उघडलं तर त्या फेरीचा कमाल वेग ५१.

दीर म्हणतात, गाडी कारखान्यातून तपासून येते, तिचंच खरं. ह्यांचा भरवसा फोनवर. मला मात्र मीटरच पटतो, कारण तो चाकाला बांधलेला आहे. आणि दुसरा प्रश्न: एरवी सपाटीवर २६-२७ च्या पुढे माझी मजल जात नाही. मग त्या दिवशी एवढा वेग आला कुठून? बीआरएमचं गणित मांडायचं तर आधी माझा स्वतःचा आकडा मला खात्रीने माहीत हवा.

खाडीकाठ (दाभोळ)

ताई, तुमचा मीटर आणि दिरांचा काटा यांच्यात भांडण नाहीच. दोन्ही एकाच वेगाचे आकडे असू शकतात.

गाडीचा काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालेल. किती जास्त? खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर. म्हणजे गाडी खरोखर ४० ने जात असेल तर काट्यावर ४८ पर्यंत काहीही दिसलं तरी गाडी चाचणीत पास. उलट हिशेब केला तर ४२ दिसताना खरा वेग साडेचौतीस ते बेचाळीसच्या मध्ये कुठेही असू शकतो. गाडी 'तपासून येते' हे दिरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ती तपासणी काटा मागे पडत नाही ना, हे आधी बघते. टायर झिजतो, हवा कमी-जास्त होते, कोणी मोठा टायर बसवतो. एवढं होऊनही चालकाला नकळत वेगमर्यादा ओलांडायला लागू नये, हा त्यामागचा विचार आहे. मला तो योग्यच वाटतो. पण त्यामुळे सायकलस्वाराने गाडीच्या काट्यावरून आपला वेग ठरवू नये.

आता तुमचा मीटर. स्पोकवरचं मॅग्नेट सेन्सरसमोरून गेलं की तो एक फेरी मोजतो आणि तुम्ही भरलेल्या चाकाच्या परिघाने गुणतो. त्याची सगळी अचूकता त्या एका आकड्यात आहे. तक्त्यांमध्ये २६ गुणिले १.९५ ला साधारण २०५० मिलिमीटर दिलेले असतात, २९ गुणिले २.१ ला २२८८. चुकून तो दुसरा आकडा भरला गेला तर मीटर जवळजवळ बारा टक्के जास्त दाखवेल.

तक्त्यावर थांबू नका, स्वतः मोजा. नेहमीएवढी हवा भरा. अंगणात सपाट जागी पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा. सॅडलवर बसा, कारण वजनाने टायर दबतो आणि परिघ थोडा कमी होतो. कोणालातरी धरायला सांगून सरळ रेषेत चाकाच्या तीन फेऱ्या पुढे जा, पुन्हा खूण करा, टेपने मोजा, तीनने भागा. हे केलंत की तुमच्या रस्त्यावर तुमच्या मीटरइतकं विश्वासाचं दुसरं काही नाही, हे मी ठामपणे सांगतो.

हर्णै_बंदर

फोनबद्दल. उघड्या सड्यावर, सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगात फोन चांगला चालतो. आंब्या-काजूच्या दाट सावलीत किंवा जांभा कापून काढलेल्या खिंडीत त्याला उपग्रह नीट दिसत नाहीत आणि तुमची जागा नकाशावर उडी मारते. एका सेकंदात चारच मीटरची उडी पडली तरी वेगात ताशी १४.४ किलोमीटरची भर पडते. तुमचे ५१ तिथून आले असावेत. कमाल वेगाचा आकडा सोडून द्या. वळणांवर फोन दोन नोंदींमध्ये सरळ रेघ ओढतो, म्हणून आमच्या आंजर्ल्याच्या रस्त्यावर अंतरही थोडं कमी भरतं.

वेंगुर्ल्याचो

खाडीकाठ म्हणतत तां खरां आसा. पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी पाहिलं नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही दक्षिणेकडे जात होतात. म्हणजे उजवा हात समुद्राचा. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून, उन्हाळ्यात बहुतेक वायव्येकडून येतात. त्या वाऱ्याचा एक भाग तुम्हाला मागून ढकलत होता आणि आडव्या भागाला गाडीची भिंत होती. त्यात जरा उतार असला की झालं. हवेचा विरोध कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते: २७ वरून ३७ वर जायला, वारा नसताना, जवळजवळ अडीचपट. ती पायांतून अचानक येत नाही.

हवा बाजूला झाली की काय होतं याचं टोकाचं उदाहरण: २०१८ मध्ये अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर डेनिस म्युलर-कोरेनेक यांनी शर्यतीच्या गाडीच्या आडोशाने सायकलवर ताशी २९६ किलोमीटर गाठले. आडोशाशिवाय ट्रॅकवर सायकलपटू फिलिप्पो गान्ना यांनी २०२२ मध्ये तासाभरात कापलेलं अंतर ५६.७९२ किलोमीटर.

आणि दिरांना प्रेमाने सांगा, पुन्हा असं शेजारी चालू नका. आपले रस्ते अरुंद, कडेला डांबर तुटलेलं. समोरून एसटी आली तर तुम्हाला जायला जागा नाही.

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अंगणात मोजलं, दिरांनीच सायकल धरली. तीन फेऱ्यांना ६.१२ मीटर, म्हणजे २०४०. मीटरमध्ये २०९६ होते!

खाडीकाठ (दाभोळ)

२०९६ हा ७०० गुणिले २३ च्या बारीक टायरचा आकडा, दुकानात तसाच राहिला असेल. म्हणजे तुमचे ३७ खरे ३६. त्या वेगाला गाडीने साडेत्रेचाळीसपर्यंत दाखवलं तरी नियमात बसतं, तेव्हा दिरांचे ४२ सुद्धा खोटे नव्हते.

२०४० भरा आणि किलोमीटरच्या दगडांवर एकदा ताडून बघा. ३६०० ला सेकंदांनी भागायचं: दगड ते दगड १५० सेकंद लागले तर २४. एका दगडावर विसंबू नका, सलग चार-पाच घ्या.

बीआरएमसाठी मात्र चालत्या सायकलची सरासरी पुरत नाही. २०० ला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून, म्हणजे किमान १४.८. तुम्ही चालताना २० ची सरासरी ठेवलीत तर दहा तास सायकलवर आणि साडेतीन तास जेवण, पंक्चर, कंट्रोलवरचे (वाटेतल्या तपासणी-थांब्यांवरचे) शिक्के यांना. तुमचा मीटर चाक थांबलं की घड्याळ थांबवत असेल, म्हणून मनगटावरचं घड्याळ वेगळं बघत जा. आणि टायर बदललात तर खडू-टेप पुन्हा काढा.