मदत हवी आहे: ऊसतोडीला निघालेल्या सुना-सासवांना गर्भातल्या मेंदूचं कसं सांगू?

बालाघाटी:
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. आमच्या आशाताईंनी एक काम गळ्यात घातलंय. दसरा झाला की टोळ्या उचलतात अन् निम्मं गाव कारखान्यांच्या रस्त्याला लागतं. त्याआधी नवी लग्नं झालेल्या पोरी आणि त्यांच्या सासवा एकत्र बसवून फोलिक ॲसिडच्या गोळीचं सांगायचं आहे. "गोळी घ्या, बाळाला चांगली" असं सांगून ताई थकल्या. दिवस गेलेली बाई नोंदणीला येते तोवर तिसरा महिना लागलेला असतो, आणि फडावर असली तर मग विचारूच नका. गोळी आधीपासूनच का, हे मास्तरनं सांगावं असं त्यांचं म्हणणं.

मी वाचलं ते असं. तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला पेशींचा एक चपटा पट्टा जाड होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलतात, मधोमध भेटतात आणि नळी होते. पुढचं टोक फुगून मेंदू, बाकीची नळी म्हणजे मज्जारज्जू. आता अडचणी. पुस्तक म्हणतं नळी चौथ्या आठवड्यात बंद होते, सोनोग्राफीच्या हिशोबानं तो सहावा आठवडा येतो. नेमकं काय? फळ्यावर आकृती काढली तर अर्ध्या बायका पेंगतील, मग दाखवायचं कसं? अन् खरी अडचण सासूची आहे. "लग्नाला महिना नाही तर गोळ्या कसल्या? पाळणा लांबवायच्या असतील!" हे ताईंना तोंडावर ऐकावं लागलंय.

मांजराकाठ:
मास्तर, दोन्ही बरोबर आहेत. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, पुस्तक मोजतं गर्भ राहिल्यापासून. मध्ये साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. गर्भ राहिल्यापासून मोजलं तर नळी मिटायला सुरुवात होते साधारण 22व्या दिवशी, डोक्याकडचं तोंड 25व्याच्या आसपास बंद होतं आणि कमरेकडचं 28व्याला. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे होतात तोवर हे काम उरकलेलं असतं. बाई अजून "उन्हानं पाळी पुढं गेली असंल" म्हणत असते. तिसऱ्या महिन्यात दिलेली गोळी रक्तासाठी उपयोगाची, पण मिटायची राहिलेली नळी ती मिटवू शकत नाही. तुमच्या सगळ्या बोलण्यातलं हे एक वाक्य बायकांच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ.

डोस: रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत. आधीच्या बाळाला नळी न मिटण्याचा दोष होता अशी बाई बसली असेल तर तिला वेगळं काढून डॉक्टरांकडे पाठवा, तिचा डोस कितीतरी मोठा असतो. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास नेमका अशाच बायकांवर होता. फोलिकमुळे दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं.

परभणीची सून:
भाऊ, आकृती राहू द्या. कानवल्याची पारी लाटून न्या. लांबट लाटायची, मधे बोटानं दाबून पन्हाळ करायची, दोन्ही कडा उचलायच्या आणि मानेच्या जागेपासून चिमटत एकदा वर, एकदा खाली जायचं. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू-कवटी बनतच नाही, ते लेकरू जगत नाही. खालचं राहिलं तर पाठीवर फुगा येतो, पाय लुळे पडू शकतात, लघवीवर ताबा राहत नाही. सासवा पहिल्या रांगेत बसवा आणि पारी त्यांच्याच हातात द्या. ज्या हातांनी जन्मभर कानवले मुरडले त्यांना समजावून सांगायची गरज पडत नाही.

गोदावरी:
एक विनंती. त्या घोळक्यात लेकरू गमावलेली एखादी तरी असणार. "गोळी घेतली नाही म्हणून झालं" असं चुकूनही म्हणू नका. मधुमेह, फिटची काही औषधं, घराण्यातून आलेलं असं बरंच काही कारणांत असतं, आणि गोळी घेऊनही क्वचित होतं. गिराणात विळी धरली म्हणून झालं असं ती आधीच ऐकून बसलेली असते. त्यात आपण दुसरा आरोप ठेवायचा नाही.

संशयाचं म्हणाल तर "रक्ताची गोळी" म्हणून ओळख करून द्या. ते खोटंही नाही. 1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, ती गिरणीत राबणाऱ्या गर्भार बायकांचा पंडुरोग अभ्यासायला. यीस्टच्या अर्कानं त्यांचं रक्त भरून आलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढं फोलेट ठरला. आपल्यासारख्याच कष्टकरी बायकांपासून ही गोळी सुरू झाली, हे सासूला आवर्जून सांगा. आणि सुनेसमोर पाकीट उघडून सासूनंच गोळी द्यायची, असं ठरवून टाका.

मांजराकाठ:
अजून एक. नळी मिटली म्हणजे मेंदू झाला असं नाही. पुढं तिला आधी तीन फुगवटे येतात, मग पाच. नव्या पेशी आतल्या भिंतीशी जन्मतात आणि तिथून बाहेर सरकत थर लावतात. पाचव्या महिन्यापर्यंत वरचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो, घड्या नंतर पडतात. हे सगळं फडावर असतानाच चालू असतं. म्हणून कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, खडेमीठ नको, आयोडीनचं पुडीचं मीठ न्यायला सांगा. आयोडीन फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आणि मिश्री सोडायचं बोला, तिथं मात्र सासवाच भांडतील.

बालाघाटी:
लई उपकार. पारीचं घरात बोललो तर बायकोच म्हणाली, मी लाटून देते, तुमची पारी फाटंल. आता एकच राहिलं. टोळी गेल्यावर चार-पाच महिने गोळ्या संपल्या की काय? कारखान्याच्या भागातल्या आशाताईंकडून मिळाल्याचा कुणाला अनुभव आहे का, की इथूनच पुरेल एवढी पाकिटं बांधून द्यावीत?