मदत हवी आहे: जुना बॉनेट ट्रक वीस मिनिटं चालून बंद पडतो, एअर कुठेच सापडत नाही

बॉनेटवाला:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात म्हणून सगळंच सांगतो.

बॉनेटवाला जुना ट्रक आहे, ओएम ३१२ इंजिन, सहा सिलेंडर, ४.६ लिटर, प्रीचेंबरवालं. बावीस वर्षं एका जागी उभा होता. वर्षभर सुट्टीच्या दिवशी काम चाललंय. इंजिन जाम नव्हतं तरी आधी सेल्फ मारलाच नाही, नोझल काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि मग पाना लावून हाताने फिरवलं. एफआय पंपाची (नोझलना दाबाने डिझेल देणारा पंप) साइडची प्लेट उघडली तर दोन प्लंजर वर चिकटून बसलेले आणि रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, ढिम्म हलेना, डिझेलमध्ये भिजवत ठेवले तेव्हा चौथ्या दिवशी सुटले. ग्लो प्लग (गार इंजिन चालू करताना आत तापणारे) सिरीजमध्ये आहेत, माळेतल्या दिव्यांसारखे, एक गेला की सगळे गार. त्यातच आठवडा गेला.

तर इंजिन चालू झालं! आवाज ऐकून डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण वीस मिनिटं झाली की रेस आपोआप खाली येते, दोन-तीन आचके देते आणि बंद. लगेच सेल्फ मारला तर घेत नाही. दहा मिनिटं थांबलं की काही न करता परत चालू, जणू काही झालंच नाही. रेस देऊन ठेवली तर वीसच्या ऐवजी सात-आठ मिनिटांतच बसते.

ज्याला विचारावं तो म्हणतो एअर घेतेय, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय. मी बॅन्जो बोल्टचे (डिझेलच्या पाइपांच्या जोडाचे पोकळ बोल्ट) सगळे तांब्याचे वॉशर बदलले, दोन्ही फिल्टर नवे, टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवून बघितलं (व्हेंट चोक असेल म्हणून), फरक शून्य. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) आधी पारदर्शक नळी जोडली, तर एकही बुडबुडा नाही. लाइन चोक असेल म्हणून फीड पंपाकडून कॉम्प्रेसरची हवा टाकीकडे मारली, टाकीत मस्त खदखदून बुडबुडे आले, म्हणजे लाइन मोकळी. आता काय बघायचं राहिलं?

दुसरं म्हणजे चाकं लॉक रिंगवाली आहेत (टायर वेगळ्या लोखंडी कडीने अडकवलेला), टायर उतरवायचेत, घरीच जमेल का?

कमानपाटा:
फीड पंपावरच्या हातपंपाचं बटण वापरल्यावर परत खाली दाबून आटे घट्ट करता ना? ते सैल राहिलं तर तिथूनच हवा खेचते, अर्ध्या लोकांचं हेच असतं.

बॉनेटवाला:
हो दादा, घट्ट आहे. ते पहिल्याच दिवशी शिकलो, डिझेलने अंघोळ करून.

जुनंलोखंड:
बुडबुडे नाहीत म्हणता, मग एअरचा नाद सोडा. बंद पडल्या पडल्या हातपंपाचा दांडा वर ओढून बघा. सैल आणि पोकळ लागला तर हवा. जड लागला आणि सोडल्यावर स्वतःहून आत ओढला गेला तर मागून डिझेलच येत नाहीये. आणि दुसरं, टाकीला बायपास करा. स्वच्छ कॅन फुटबोर्डवर ठेवा, त्यातून थेट फीड पंपाला नळी द्या आणि चालवा.

एक मात्र आधी सांगतो, पंपाचे प्लंजर नुकतेच सोडवलेत, रॅक परत अडकला तर इंजिन बेफाम रेस घेईल आणि स्टॉप केबल ओढून काही होणार नाही. हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड सपाट पाटी हाताशी ठेवूनच सेल्फ मारा. हात किंवा फडकं लावायला जाऊ नका.

बॉनेटवाला:
दोन्ही केलं. दांडा जड, सोडला की सट्कन आत. कॅनवर दीड तास चालली, शेवटी मीच बंद केली. म्हणजे गडबड टाकी ते फीड पंप याच्यामध्ये. पण हवा मारली तर लाइन मोकळी होती हो! टाकीतला पाइप काढून बघितला, जाळी साफ आहे. डोकं चालेना.

जुनंलोखंड:
हवा कुठून कुठे मारलीत? पंपाकडून टाकीकडे. डिझेल येतं टाकीकडून पंपाकडे. मधे रबरी नळीचा तुकडा आहे का, चासीवरून इंजिनकडे वळताना? इंजिन हलतं म्हणून तिथे लोखंडी पाइप चालत नाही. तो कधीचा आहे?

बॉनेटवाला:
आहे, हातभर. बाहेरून टकाटक दिसतो, एक भेगही नाही. गाडी उभी करायच्या आधी कुणीतरी बदलला असावा.

जुनंलोखंड:
बाहेरून बघू नका, उभा चिरा.

बॉनेटवाला:
मंडळी, सापडलं!!

नळी चिरली तर आतलं अस्तर सापाच्या कातेसारखं सुटलेलं. एका टोकाला धरून होतं आणि बाकीचं लोंबत होतं. पंपाने डिझेल ओढलं की ते हळूहळू पुढे सरकून भोक बंद करायचं, इंजिन बंद केलं की ओढ जाते आणि ते परत मागे यायचं, म्हणून दहा मिनिटांनी चालू. रेस दिली की ओढ जास्त, म्हणून लवकर बंद. आणि मी उलट्या बाजूने हवा मारली तेव्हा तीच झडप मस्तपैकी उघडून दिली. तीन महिने वॉशर बदलत बसलो होतो मी. नवी डिझेलची नळी टाकली, दोन तास चालवली, रेस जागची हलली नाही.

कमानपाटा:
भारी! आता रिटर्नची आणि ब्रेकची रबरंही त्याच वयाची असणार, ती पण काढा. ब्रेकच्या नळीचं अस्तर असंच सुटलं तर ब्रेक लागतो पण सुटत नाही. आणि ड्रम उघडाल तेव्हा कॉम्प्रेसरने धूळ उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ओलं करून पुसा.

रिंगमास्टर:
चाकांचं कुणी बोललंच नाही म्हणून मी. लॉक रिंगवालं चाक घरी उघडू नका. मागच्या जोडचाकांचे नट सैल करायच्या आधी दोन्ही टायरची हवा पूर्ण काढायची, नुसती पिन दाबून नाही, व्हॉल्व्हची पिन बाहेर काढून, आणि भोकात तार घालून बघायची की गंजाने बंद तर नाही. हवा भरताना लोखंडी पिंजरा, लांब नळी, क्लिपवालं तोंड, आणि आपण बाजूला, रिंगच्या समोर कधीच नाही. हवा असताना रिंग बसली नाही म्हणून हातोडा मारणारे बघितलेत मी, त्यातला एक आज एका डोळ्याने बघतो. गंजून खड्डे पडलेली रिंग परत वापरायची नाही, एका डिस्कची रिंग दुसरीला तर अजिबात नाही.

बॉनेटवाला:
वाचून हात आखडता घेतला काका. पिंजरा असलेला टायरवाला शोधतो, तोवर गाडी लाकडी ठोकळ्यांवरच. सकाळी चालू करायला अजून तीस-चाळीस वेळा हातपंप मारावा लागतो, रात्रीत डिझेल टाकीत परत उतरत असणार, फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचरा असेल. रविवारी उघडतो आणि इथेच सांगतो. चिरलेली नळी शेडच्या दारावर खिळ्याला टांगलीये.