मदत हवी आहे: पुण्याहून फ्रँकफर्टला कुत्री न्यायची आहे

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली जर्मनीला झाली आहे, तो पुढच्या महिन्यात जाईल. मी आणि आमची चिंगी (गावठी, वय ४, स्वभावाने भित्री) मागाहून जाणार.

वाचून कळलं ते असं: आधी १५ अंकी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपियन युनियनची मान्यता असलेल्या लॅबमध्ये टायटर टेस्ट (लसीमुळे रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं पुरेशी तयार झाली का, ते बघणारी तपासणी), निकाल दर मिलीलिटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त हवा. आणि रक्त काढल्यापासून पुढे ३ महिने थांबायचं! भारतातून जाणाऱ्यांना यातून सुटका नाही. चिप आणि लस झाली आहे, रक्ताचं बाकी आहे.

आता प्रश्न. रक्ताचा नमुना तुम्ही कुठल्या लॅबला आणि कसा पाठवलात? आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांनी हे कधी केलेलं नाही. दुसरं, मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर पडलं तर व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात म्हणे. लसीकरणाच्या पुस्तिकेवर नाव नवऱ्याचं आहे. ते आत्ताच माझ्या नावावर करून घेतलं तर चालतं का? मुंबईच्या सरकारी प्राणी क्वारंटाइन ऑफिसातून एनओसी आणि हेल्थ सर्टिफिकेट घेताना यावरून कुणाला अडवलं होतं का?

एजंटांचे आकडे ऐकून घाम फुटला, म्हणून स्वतःच करायचं म्हणतेय. ज्यांनी अलीकडे नेलंय त्यांनी कृपया सांगा. विमानात कार्गोमध्ये गावठी कुत्री कशी राहिली, तेही.