तळ्याकाठचा मुक्काम: पहिली रांग घ्यावी की सोडावी?

रानवाट:
कॅम्पग्राउंडचं बुकिंग उघडलं की पाण्याला लागून असलेल्या जागा सगळ्यात आधी संपतात. त्यांचं भाडंही बहुधा जास्तच. काहींना पटणार नाही, पण बरोबर लहान मुलं असतील तर ती पहिली रांग सोडून द्यावी, असं माझं मत झालंय.

कारण मुलंच. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, त्याला तेवढा श्वासच उरत नाही. मिनिटभरात होत्याचं नव्हतं होतं. पोहण्याच्या वेळी निदान सगळे सावध असतात. धोका असतो तो सामान उतरवताना, तंबू ठोकताना, जेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी बघतोय. मागच्या खेपेला मी शेवटची खुंटी ठोकून मान वर केली, तर आमची तीन वर्षांची बाई घोटाभर पाण्यात एकटी उभी. काही झालं नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाकीची कारणं किरकोळ आहेत: दंव, डास, आणि काठाने फिरायला निघालेली अख्खी जनता आपल्या दारावरून जाते. त्यापेक्षा दुसरी-तिसरी रांग, जराशी उंचावर, नळ हाकेच्या अंतरावर. शौचालय जवळ हवं, पण शेजारी नको. रात्रभर दिवा आणि दाराची धडधड.

पाणकावळा:
साफ असहमत. मग तळ्यावर जायचंच कशाला?

मागे राहिलात म्हणून मुलं पाण्याकडे जायची थांबत नाहीत, फक्त ती तुमच्या नजरेआड जातात. आमची दोघं पोहणारी आहेत, १० आणि १३ वर्षांची. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलं की दोघं दिसतात.

आणि दंवाचं सरसकट खरं नाही. मोठ्या तळ्याचं पाणी जमिनीइतकं पटकन थंड होत नाही, त्यामुळे रात्री काठ उलट उबदार राहतो. गारठा साचतो तो खोलगट जागेत, कारण गार हवा जड असते, उतारावरून ओघळत खाली येऊन बसते. म्हणजे बघायचा तो उतार. रांगेचा काय संबंध?

रानवाट:
खोलगट जागेचं मान्य. तुमची मुलं मोठी आहेत हेही मान्य.
पण "खुर्ची टाकून" वाचूनच पोटात गोळा आला. पोहता न येणारं मूल आपला हात पोचेल इतक्या जवळ हवं. खुर्चीतलं लक्ष म्हणजे फोनमधून अधूनमधून वर काढलेली मान. स्वतःवरून सांगतोय.

चाकांवरचं घर:
आरव्हीवाल्यांचंही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतून फिरणाऱ्यांचंही, ऐका कोणीतरी. आम्हाला पहिली रांग फुकट दिली तरी नको. काठाची जमीन कलती आणि भुसभुशीत. एक पाऊस झाला की काही टनांची गाडी रुतलीच. शिवाय गॅसवर चालणारा फ्रिज आतल्या अमोनियाच्या प्रवाहावर थंड होतो. गाडी बराच वेळ कलती उभी राहिली तर तो प्रवाह अडतो आणि यंत्रणा कायमची जाते. आमची गेली. तेव्हापासून पाणसळ खिशातच असते.

म्हणून आधी सपाट, खडी टाकलेली जागा. मग लांबी: गाडी, मागे जोडलेलं वाहन आणि वळायला लागणारी जागा, सगळं धरून. रिव्हर्सची सवय नसेल तर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशीच जागा मागा. विजेचंही तेच. १२० व्होल्टच्या खांबावर ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा हीटर एकदम लावला की खटका पडलाच म्हणून समजा. सांडपाणी सोडायची सोय आवारात आहे का, हेही विचारून ठेवा. देखावा खुर्ची उचलून बघायला जाता येतो.

दोन खुंट्या:
तंबूवाल्यांकडून एकच मागणी: आरव्हीचा विभाग वेगळा असेल तेच कॅम्पग्राउंड निवडा.

रात्री १० ते सकाळी ६-७ शांतता हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. पण वेळ संपल्याच्या पहिल्या मिनिटाला जनरेटर सुरू करणारे महाभाग आहेत. नुसत्या आवाजाचं दुखणं असतं तर सोसलं असतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आमची भिंत कापडाची. निदान ६-७ मीटर लांब, आणि धूर तंबूकडे न येईल असा तरी ठेवा.

चाकांवरचं घर:
जनरेटरचं खरंय, शरम वाटते. पण आकाश गडगडायला लागलं की आमच्याच दारावर थाप पडते, बरं का.

दोन खुंट्या:
पडते. मीच एकदा मारली होती. विजांमध्ये तंबू आसरा देत नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नसतं. म्हणून निव्वळ तंबूंची जागा घेणार असाल तर आपली पत्र्याच्या टपाची गाडी किती लांब लावावी लागते ते आधी विचारा.

गाळ आणि पाणी:
रांगेवरून भांडताय, पण पाणी तिथे असणार आहे का?

तळं नैसर्गिक आहे की धरणाचा साठा, हा पहिला प्रश्न. धरणाची पातळी मोसमात उतरते. आम्ही "पाण्याला लागून" जागा घेतली आणि पोचलो तेव्हा पुढ्यात दोनशे पावलं गाळ, वरून कडक, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. जाहिरातीतले फोटो तुडुंब भरलेल्या दिवसाचे असतात.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा, आणि इथे खरी गोची आहे. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिथे डास कमी, कारण त्यांना वाऱ्यात उडवत नाही. पण निळं-हिरवं शेवाळही ढकलत ढकलत त्याच काठाला साचतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखं दिसलं तर मुलांना आणि कुत्र्याला अजिबात उतरू देऊ नका. ते पाणी उकळूनही त्यातलं विष जात नाही. समोरच्या काठाला उलटं: पाणी स्वच्छ, पण वारा आत वाहणारा. हवेची गादी मुलासकट बघता बघता मध्यावर.

गेल्या मोसमात शेवाळामुळे पोहणं बंद होतं का, एवढं फोनवर विचारलं तरी अर्धं काम होतं.

पाणकावळा:
गादीचं डोक्यातच आलं नव्हतं. घरीच ठेवतो, लाइफ जॅकेट मात्र नेतो. पहिली रांग सोडत नाही.

रानवाट:
फोन केला. साठा धरणाचाच निघाला, पाणी बरंच उतरलंय. म्हणजे पहिली रांगच यंदा मागची झाली! बायको म्हणते, मग घ्या तीच, आता कशाला अडताय. मधल्या गाळाचं काय करायचं ते कळत नाहीये. आणि तिथली जमीन म्हणे वाळूची. खुंट्या धरतील का?

दोन खुंट्या:
बारीक खुंट्या नाही धरणार. रुंद पात्याच्या घ्या, नाहीतर पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून आडव्या पुरा. आणि गाळ तुमच्या दारात आणि पाणी त्याच्या पलीकडे असेल तर दुसरीच रांग घ्या हो. गाळ पाण्यापेक्षा बरा नाही.