मलावी : सरोवराकाठचा प्रवास मिनीबसने करावा की गाडी ठरवून?

पायवाट :
एका सभासदांनी मलावीच्या प्रवासाविषयी विचारले, तेव्हा ‘तिथे स्वतंत्रपणे फिरण्याच्या फंदात पडू नका, राजधानी लिलाँग्वेहून चालकासह गाडी ठरवा आणि थेट सरोवराच्या दक्षिण काठावरील केप मॅक्लिअरच्या रिसॉर्टवर उतरा’ असाच सल्ला बहुतेकांनी दिला. तो मला मुळीच पटलेला नाही, म्हणून हा धागा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाशीच्या बाजारात येणाऱ्या हापूसमुळे मलावीचे नाव आपल्याकडे पुष्कळांच्या कानावर आले आहे. या चिंचोळ्या देशाच्या पूर्वेला सुमारे ५८० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे आणि न्खाता बे, न्खोताकोटा, सालिमा ही काठावरची गावे एकाच रस्त्याने जोडलेली आहेत. सरकारी कारभार इंग्रजीत चालत असल्यामुळे पाट्या वाचता येतात आणि बहुतेक ठिकाणी बोलणेही निभावते. आफ्रिकेत पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर फिरू पाहणाऱ्या माणसाला याहून सोयीचे देश फार थोडे असतील.

न्खाता बेच्या थांब्यावरची मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही. तिघांच्या बाकावर चौघे बसतात, पायाशी वाळवलेल्या उसिपा मासळीची पोती येतात, कंडक्टर सरकत्या दारात अर्धा बाहेर राहून भाडे गोळा करतो आणि पोलिसांच्या नाक्यावर गाडी थांबली की उकडलेली अंडी, केळी आणि भाजलेली कणसे घेऊन विक्रेते खिडक्यांना भिडतात. तुमचे पैसे या साऱ्या हातांत थोडे थोडे पडतात. काचा लावून वातानुकूलित गाडीतून जाणाऱ्याचा पैसा एवढ्या हातांत पोहोचत नाही, हा माझा मुख्य मुद्दा आहे.

कातळमाथा :
वर्णन वाचनीय आहे, पण मला त्यातला विचार मान्य नाही. ज्या वाहनात मलावीची माणसे दुसरा पर्याय नाही म्हणून कोंबून बसतात, त्याचे आपण प्रवासी म्हणून कौतुक करावे, हे मला खटकते. जिथे मिनीबसही जात नाही तिथे ‘माटोला’, म्हणजे मालवाहू पिकअपच्या उघड्या हौद्यात पोत्यांवर बसलेली माणसे, हेच साधन असते. अंधार पडल्यावर तिथल्या रस्त्यांवर बिनदिव्याच्या सायकली, शेळ्या आणि पायी चालणारी माणसे अचानक समोर येतात. तिथे अपघात झाला तर जवळच्या रुग्णालयात काय मिळेल याचा भरवसा नाही.

दुसरे असे की नोव्हेंबर २०२३मध्ये क्वाचा या मलावीच्या चलनाचे ४४ टक्के अवमूल्यन झाले. परकीय चलनाची चणचण त्यानंतरही संपली नाही आणि तिच्यामुळे देशाला पेट्रोल-डिझेलची टंचाई वारंवार सोसावी लागली. अशा वेळी मिनीबस कमी धावतात आणि भाडी वाढतात. रुग्णालयात किंवा बाजारात पोहोचणे ज्याला भाग आहे, त्याची जागा हौशी पाहुण्याने अडवावी का? पैशाचेच म्हणाल, तर चालकाला दिवसाचा ठरवून दिलेला मोबदला तुमच्या साऱ्या तिकिटांच्या बेरजेहून अधिक भरेल आणि तो एका घरात नक्की पोहोचेल.

डॉ. अनामिका :
दोन्ही बाजूंनी रस्त्याचा विचार केला, पाण्याचा केला नाही. मलावी सरोवरात बिल्हार्झिया, म्हणजे परजीवी कृमींमुळे होणारा रोग, आहे. काठच्या उथळ, गवताळ पाण्यातील गोगलगायींमधून बाहेर पडणाऱ्या अळ्या अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात. या गोगलगायी खाणाऱ्या माशांची बेसुमार मासेमारी झाल्याने केप मॅक्लिअरच्या परिसरात रोगाचा फैलाव वाढला, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. ‘आमच्या किनाऱ्याचे पाणी स्वच्छ आहे’ असे सांगणारा यजमान महागड्या रिसॉर्टचा असो वा साध्या अतिथिगृहाचा, त्याच्या शब्दावर विसंबू नका.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५०च्या दशकात या रोगाचे रुग्ण नोंदवले गेले होते, पण आज इथल्या डॉक्टरांच्या मनात हे निदान सहसा येत नाही. म्हणून परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी, लक्षणे नसली तरी, ‘मी मलावीच्या सरोवरात पोहलो होतो’ असे स्वतःहून सांगून तपासणी करून घ्या. प्राझिक्वांटेल हे औषध प्रभावी आहे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात, त्याही टाळू नयेत.

सह्यवारी :
मी तिथे एकटी फिरले आहे आणि कातळमाथा यांच्याशी असहमत आहे. मिनीबस हा खाजगी धंदा आहे. कंडक्टरच्या लेखी मी भाडे देणारी आणखी एक प्रवासी होते, कोणाची जागा बळकावणारी पाहुणी नव्हते. गुडघ्याखाली येणारा घागरा किंवा वरून गुंडाळलेले चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत कापड, दिवसाउजेडी प्रवास आणि शक्य तेव्हा दुसऱ्या बाईशेजारची जागा, एवढे पाळले आणि मला कुठे त्रास झाला नाही. शाकाहारी मंडळींनी न्सिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, घेवडा किंवा भोपळ्याच्या पानांची भाजी मागावी, मात्र त्यात मासळी नको हे आधीच स्पष्ट सांगावे.

शिवाय गाडी लिकोमा बेटावर जात नाही. हे बेट मोझांबिकच्या पाण्याने वेढलेले असूनही मलावीचे आहे आणि तिथे १९०३मध्ये बांधकाम सुरू झालेले प्रचंड अँग्लिकन कॅथेड्रल उभे आहे. १९५१पासून सरोवरात फिरणारे ‘इलाला’ हे जहाज तिथे जाते. धक्का नसलेल्या ठिकाणी ते पाण्यातच उभे राहते आणि माणसे, मक्याची पोती, कोंबड्या लहान होड्यांतून वर चढतात. काठावरच्या वस्त्यांचा एकमेकींशी व्यवहार कसा चालतो, हे त्या डेकवर जितके कळते तितके कुठल्याही रस्त्यावर कळत नाही.

कातळमाथा :
‘इलाला’ दुरुस्तीसाठी अनेकदा बंद असते, हेही सांगायला हवे होते. मोजक्या रजेवर गेलेला माणूस जहाजाची वाट पाहत नाही. तो मिळेल त्या लाकडी होडीत बसतो. मे ते ऑगस्टच्या सुमारास दक्षिणेकडून ‘म्वेरा’ वारा सुटला की हेच सरोवर समुद्रासारखे खवळते. तुमच्या स्वातंत्र्याची किंमत अशा वेळी होडीवाल्यालाही मोजावी लागू शकते.

पायवाट :
होडीबाबत तुमचे म्हणणे रास्त आहे आणि म्वेरा सुटलेला असताना मी कोणालाही लहान होडीत बसायला सांगणार नाही. परंतु इंधनाचा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जातो. टंचाईच्या दिवसांत पंधरा-सोळा जणांना घेऊन जाणारी मिनीबस जे डिझेल जाळते, त्याची दोन पाहुण्यांसाठी धावणाऱ्या गाडीशी तुलना करून पाहा. त्या गाडीच्या चालकाला पंपावर रांग लावावी लागते किंवा कॅनमधले इंधन चढ्या भावाने घ्यावे लागते आणि तेवढे इंधन बाजारातून कमी होते. जागा अडवण्याचा दोष द्यायचाच असेल, तर तो आधी त्या रिकाम्या मागच्या सीटला द्यावा लागेल.

चालकाच्या मोबदल्याला माझा विरोध नाही. न्यिकाच्या पठारावर किंवा लिवोंडे राष्ट्रीय उद्यानात गाडीवाचून चालत नाही. तिथे स्थानिक माणसाची गाडी घ्यावी, घासाघीस न करता पैसे द्यावेत. माझा आक्षेप विमानतळापासून विमानतळापर्यंत एकाच गाडीत बसून राहण्याला आहे.

कातळमाथा :
इंधनाचा हिशेब मला मान्य आहे. पण न्खाता बेहून लिलाँग्वेला निघालेली मिनीबस भरण्यातच दुपार उलटते आणि शेवटचे दोन-तीन तास अंधारात जातात. तुमच्या योजनेत त्या तासांना उत्तर नाही.

सह्यवारी :
उत्तर आहे : तो टप्पा एका दिवसात करायचा नाही. न्खोताकोटाला उतरायचे, तिथे मुक्काम करायचा आणि सकाळी पहिल्या गाडीने पुढे निघायचे. रजा त्या बेताने घ्यावी. तेवढे दिवस हाताशी नसतील, तर लिलाँग्वे आणि केप मॅक्लिअर एवढेच करावे, उत्तर सरोवराचा बेत पुढच्या खेपेला ठेवावा.