मदत हवी आहे: अंगणवाडीच्या तपासणीचे शेरे माहिती अधिकारात

पर्यवेक्षिकांच्या अंगणवाडी भेटींचे शेरे आणि त्यावर झालेली कार्यवाही मागायची आहे. अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, इथवर ठीक. ‘तपासणी का झाली नाही?’ असं विचारलं की उत्तर टाळायला आयतं निमित्त मिळतं, म्हणून थेट भेट नोंदवहीच्या साक्षांकित प्रती मागणार.

अडचण पुढे आहे. शेऱ्यांत मुलांची नावं, वजनं आलेली असतील, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ खाली ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अख्खी वहीच नाकारतील. नावं झाकून बाकी मजकूर देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. तिचा उल्लेख मूळ अर्जातच करावा, की पहिल्या अपिलासाठी राखावा? प्रतींऐवजी अभिलेख पाहणी (कार्यालयात जाऊन वही स्वतः बघणं) मागितली तर झाकाझाकीचा प्रश्न उलट वाढेल का? कुणाकडे चाललेला मसुदा असेल तर मागणीची नेमकी वाक्यं टाका.