बीपीची गोळी आणि कोरडे डोळे : तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, पण एका गोळीने आकडा खाली येईना म्हणून सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी कॉम्बिनेशनची दिली, म्हणजे तीच गोळी पण सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं. बीपी छान उतरलं, वरचा आकडा 150 च्या पुढे असायचा तो 130 च्या आत आला. मी खूश. आणि मग महिन्याभरात डोळे खुपायला लागले. दिवसा चुरचुर, संध्याकाळी आग, आणि सकाळ तर विचारूच नका. उठल्यावर पापणी उघडायला गेलं की बुबुळावरून सालपट निघतंय की काय असं वाटायचं, म्हणून मी पलंगावर डोळे मिटूनच बसून राहायची, आतल्या आत बुबुळं इकडे तिकडे फिरवायची, जरा ओल आली की मग हळूच उघडायचे. घरच्यांना वाटलं मी ध्यान करायला लागले.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नवीन काचा केल्या, पैसे गेले, चुरचुर तिथेच. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोळ्या कुठल्या चालू आहेत? मी मनात म्हटलं, अहो डोळ्याचं बघा ना, गोळ्यांचं काय घेऊन बसलात. मग त्यांनी शिर्मर टेस्ट केली. खालच्या पापणीत टीपकागदाची बारीक पट्टी अडकवतात, डोळे मिटून 5 मिनिटं बसायचं आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं, बस इतकंच. 1903 सालापासूनची टेस्ट आहे म्हणे. 10 च्या वर भिजली तर ठीक समजतात. माझी उजवीकडे 6, डावीकडे 4. कोरडे ठाक. वय, पाळी गेलेली आणि वर ही पाण्याची गोळी, तिन्ही मिळून झालं असेल असं म्हणाल्या, आणि गोळी मनाने बंद करायची नाही, फिजिशियनना विचारायचं, हे तीनदा बजावलं.

तर कोणाचं गोळी बदलून थांबलं का? थेंब किती वेळा घालता? सविस्तर लिहा.

*

ताई, माझं तर उलटंच होतं, डोळ्यातून नुसत्या धारा. वाऱ्यात बाहेर पडलं की रुमाल डोळ्यालाच, त्यामुळे कोणी मला तुमचे डोळे कोरडे आहेत म्हटलं असतं तर मी हसलोच असतो, आणि डॉक्टर नेमकं तेच म्हणाले आणि मी खरंच हसलो. मग त्यांनी समजावलं की अश्रूंचे थर असतात, आत चिकट, मध्ये पाण्याचा आणि वर तेलाचा पातळ पापुद्रा, वरचं तेल कमी पडलं की पाणी उडून जातं, डोळा कोरडा पडून चिडतो आणि मग घाबरल्यासारखं भसाभसा पाणी सोडतो, पण ते टिकत नाही. डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघितलं, म्हणाले मिचकावू नका, आणि मोजायला लागले. चारलाच थर फुटला. निदान 10 सेकंद टिकायला हवा.

माझी गोळी मेटोप्रोलॉल, बीटा ब्लॉकर म्हणतात त्यातली, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावून बीपी उतरवणारी. बीटा ब्लॉकरने अश्रू कमी होऊ शकतात, पण मला स्टेंट आहे, हार्टवाल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं ही गोळी राहणार, डोळ्यांचं वेगळं बघा. मग मला ज्याने खरा गुण आला ते म्हणजे शेक. गरम पाण्यात पिळलेला कपडा मिटलेल्या पापण्यांवर 8-10 मिनिटं, गार झाला की परत बुडवायचा, आणि नंतर बोटाने पापणीच्या कडेकडे हलका मसाज, म्हणजे तिथल्या ग्रंथींमध्ये घट्ट झालेलं तेल सुटतं. पहिले दोन आठवडे काहीच वाटलं नाही, सोडूनच देणार होतो. आता सकाळचा शेक चुकला तर दुपारपर्यंत कळतं.

*

मी केलेला मूर्खपणा सांगतो. अटेनोलॉल चालू होतं, तेही बीटा ब्लॉकरच, डोळे कोरडे पडतात असं कुठेतरी वाचलं आणि कोणाला न सांगता गोळी बंद. दोन दिवस काही नाही, उलट मी स्वतःवर खूश की बघा कसं शोधून काढलं. तिसऱ्या रात्री छातीत असं धडधडायला लागलं की उशीवर कान टेकवला तर ठोके ऐकू येत होते. घरच्या मशीनवर 180/110. पळापळ झाली, बायकोने तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ही गोळी एकदम सोडली की शरीर उसळी मारतं, डोस हळूहळू उतरवत न्यावा लागतो, क्लोनिडीन नावाच्या बीपीच्या गोळीचंही तसंच असतं असं नंतर कळलं. आणि गंमत म्हणजे त्या तीन दिवसात डोळ्यांना काडीचा फरक पडला नव्हता.

*

आईचं लिहिते, ती स्वतः टाइप करत नाही. तिला काचबिंदू आहे, त्यासाठी टिमोलॉलचे थेंब, आणि बीपीसाठी वेगळी बीटा ब्लॉकर गोळी. थेंबातलं औषध पण बीटा ब्लॉकरच आहे हे आम्हाला कुठे ठाऊक! डोळ्यांच्या डॉक्टरांच्या फाईलमध्ये गोळी नव्हती आणि बीपीवाल्यांच्या फाईलमध्ये थेंब नव्हते. डोळे लालभडक, त्यात तिची नाडी 52 वर आलेली. मी दोन्हीकडची औषधं एका पिशवीत घालून दोघांपुढे ओतली तेव्हा कुठे उलगडा झाला. थेंब बदलले, नाडी सुधारली, कोरडेपणा निम्म्याने कमी झाला.

राहिलं ते थेंब घालण्याचं. ती मान वर करायची, बाटली डोळ्यावर धरायची आणि थेंब पडायच्या क्षणी डोळा गच्च मिटायची, थेंब गालावरून कानात. अर्धी बाटली कानाने प्यायली असेल. आता मी खालची पापणी जराशी ओढून खोबण करते, तिला वर छताकडे बघायला लावते, एकच थेंब, मग डोळा हळूच मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं. दुसरं औषध घालायचं असेल तर मध्ये 5 मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर पहिलं वाहून जातं.

*

सगळं खापर बीपीच्या गोळीवर फोडू नका हो. मी टेल्मिसार्टनला सहा महिने शिव्या घातल्या आणि निघालं काय, तर सर्दीसाठी रोज रात्री घेत होतो ती सिट्रिझिन. अॅलर्जीच्या गोळ्यांनी डोळे सुकतात. शिवाय पंखा थेट तोंडावर, आणि दिवसभर स्क्रीन, त्यात माणूस पापणी मिटायलाच विसरतो. सिट्रिझिन बंद केली, पंखा फिरवला, महिन्यात 80 टक्के बरं. आणि कोणाला डोळ्यांसोबत तोंड पण कोरडं आणि सांधे दुखत असतील तर रक्त तपासून घ्या, तो वेगळाच आजार असू शकतो.

*

औषधाच्या दुकानात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. लाली घालवणारे थेंब आणि कृत्रिम अश्रू यात लोक फार गल्लत करतात. लालीवाले थेंब रक्तवाहिन्या आकसतात, डोळा तासभर पांढराशुभ्र, मग आधीपेक्षा लाल, आणि बीपीवाल्यांनी तर ते विचारल्याशिवाय घेऊच नयेत. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायल्युरोनेट लिहिलेले असतात ते साधे ओलाव्याचे. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, ते प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला टोचतं. आणि घाबरू नका, 1970 च्या दशकात प्रॅक्टोलॉल नावाचं एक बीटा ब्लॉकर डोळ्यांना इतकं बाधलं होतं की बाजारातून काढावं लागलं, आत्ताच्या गोळ्या तशा नाहीत.

*

सगळ्यांना थँक्यू, कानाने प्यायलेली बाटली वाचून खूप हसले, मीही तशीच घालत होते. माझं पुढचं सांगते. फिजिशियननी पाण्याची गोळी काढून अमलोडिपीन ही बीपीचीच दुसरी गोळी जोडली, दिवसातून चारदा थेंब आणि रात्री झोपताना जेल. जेल घातलं की सगळं धुक्यात दिसतं त्यामुळे मोबाईल आपोआप सुटला, हा बोनस. दोन महिन्यांनी पट्टी लावली तर उजवीकडे 9, डावीकडे 8. सकाळचं ध्यान बंद. फक्त आता संध्याकाळी घोटे सुजायला लागलेत, मोज्याचा वळ तासभर जात नाही, आणि डॉक्टर म्हणतात ते अमलोडिपीनमुळे असू शकतं. गुरुवारी दाखवायला जातेय, मग त्याचाही धागा काढते.